सामूहिक वनहक्क आणि समान नागरिकत्व : मेंढा (लेखा) गावाच्या संदर्भात

नागरी हक्कांच्या लढ्यांचा विचार करताना अभ्यासकांचा भर प्रामुख्याने मतदान, शिक्षण व रोजगार यांतील समतेवर असतो. ज्या समूहांची उपजीविका सामाईक जमिनीवर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी ही मांडणी अपुरी ठरते. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये हे स्पष्टपणे दिसते. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने तेथील स्पॅनिशभाषक रहिवाशांना नागरिकत्वाची व मालमत्तेच्या संरक्षणाची हमी मिळाली. परंतु १८९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गावांचे सामाईक जमिनीवरील दावे अमान्य केले. पुढे यातील बरेच क्षेत्र राष्ट्रीय वनांत समाविष्ट झाले. रेइएस लोपेझ तिहेरिना यांनी १९६३ मध्ये उभारलेली संघटना याच जमिनी परत मिळाव्यात म्हणून होती. व्यक्तीला नागरिक मानले गेले, गावाला मात्र हक्कधारक मानले गेले नाही.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावापुढेही मूलतः हाच प्रश्न होता. देवाजी तोफा यांचे नेतृत्व, मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ, अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा यांच्या बळावर 'मावा नाटे मावा राज' ही घोषणा येथे आचरणात आली. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातील अशा पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते.

तथापि खरी कसोटी त्यानंतर लागली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूचा समावेश 'वृक्ष' या संज्ञेत होता, तर २००६ च्या कायद्याने तो गौण वनोपज ठरवला. (बांबू हे गवत आहे, हे वनस्पतिशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.) वनविभागाने जुन्या व्याख्येचा आधार घेऊन वाहतूक परवाना नाकारला. परवान्याविना बांबू गावाबाहेर नेता येत नाही, आणि नेता आला नाही तर विकताही येत नाही. परिणामी हक्कपत्र हाती असूनही मुख्य उत्पन्नाचा मार्ग बंद राहिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे सोपवला.