माउंटन बाईकचा ड्रॉपर सीटपोस्ट : झीजेचे निदान व देखभाल

प्रास्ताविक :

माहूर येथील रेणुकागड, दत्तशिखर व अनसूया शिखर यांना जोडणाऱ्या घाटरस्त्यांवर सायकल चालविताना सीटच्या उंचीचा प्रश्न निर्माण होतो. चढावर सीट उंच असावी लागते. अन्यथा गुडघा अधिक वाकलेल्या अवस्थेत जोर लावावा लागून त्यावर ताण येतो. उतारावर मात्र तीच उंच सीट शरीराचा तोल मागे व खाली नेण्यास अडथळा ठरते. 1984 मध्ये अमेरिकेत जो ब्रीझ व जॉश अँजेल यांनी ‘हाईट-राईट’ ही स्प्रिंग तयार करून या प्रश्नाचे पहिले लोकप्रिय उत्तर दिले. आजचा ड्रॉपर सीटपोस्ट हे त्याचेच विकसित रूप होय. मार्च 2022 मध्ये मातेय मोहोरिच याने मिलान-सॅन रेमो ही रस्त्यावरील शर्यत ड्रॉपर वापरून, पोज्जिओच्या उतारावर आघाडी घेऊन जिंकली. त्यामुळे डांबरी घाटातही या साधनाचा उपयोग आहे हे स्पष्ट झाले.

रचना :

यात एका नळीत दुसरी नळी सरकते. आतील कार्ट्रिजमध्ये दाबाखालील वायू व तेल असते. हँडलवरील लीव्हर दाबल्यास केबल झडप उघडते; स्वाराच्या वजनाने सीट खाली जाते आणि वजन काढल्यास वायूच्या दाबाने वर येते. लीव्हर सोडताच झडप मिटून सीट त्या उंचीवर स्थिर होते. नळ्या परस्परांत फिरू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये पितळी पट्ट्या बसविलेल्या असतात, तर तोंडाशी असलेले रबरी सील धूळ अडविते.

निदान :

सीट सावकाश वर येऊ लागली की कार्ट्रिज निकामी झाले असा समज करून घेतला जातो, व तोच सर्वांत खर्चिक ठरतो. वस्तुतः प्रथम फ्रेमवरील क्लॅम्प थोडा सैल करून पाहावा. सीट लगेच वेगाने वर आल्यास दोष पोस्टचा नसून आवळणाऱ्या हाताचा आहे. फरक न पडल्यास पोस्ट बाहेर काढून केबल सोडवावी व तळाची कळ बोटाने दाबावी. आता सीट सहज हालत असल्यास केबल गंजली आहे किंवा तिच्या बाहेरील नळीत चिखल शिरला आहे. तरीही अडखळत असल्यास सील व ग्रीस तपासावे.

सीट हाताने डावी-उजवीकडे वळवून पाहिल्यास किंचित प्ले आढळतो. तो नव्या पोस्टमध्येही असतो. तो वाढत गेल्यास पितळी पट्ट्या झिजल्या असे समजावे. पुढे-मागे डुगडुगणे हे मात्र बुशिंगच्या झीजेचे लक्षण होय. लीव्हर न दाबता बसल्यावर सीट स्पंजाप्रमाणे दबत असेल, तर तेलात वायू मिसळला आहे. तेव्हाच कार्ट्रिजवर संशय घ्यावा.

देखभाल :

पोस्ट काढण्यापूर्वी सीटची उंची टेप लावून नोंदवावी. तो वर ओढताना हँडलकडून केबल आत सरकवीत राहावे, अन्यथा ती मुडपते. वरची कॉलर उघडून जुने ग्रीस पुसावे व चकचकीत नळीवरून नख फिरवावे. नख अडकेल एवढा ओरखडा असल्यास नवे सीलही टिकणार नाही. त्यानंतर सीलला अनुरूप असे पातळ ग्रीस थोडेसे लावावे. चेनचे तेल येथे वापरू नये, त्यावर धूळ चिकटते. झिजलेल्या पट्ट्या बदलताना त्याच मापाच्या किंवा किंचित जाड घ्याव्यात. जास्त जाड पट्टीने प्ले जातो, पण पोस्ट जाम होतो.

सीलबंद कार्ट्रिज कापण्याचा किंवा भोक पाडण्याचा प्रयत्न कोणत्याही परिस्थितीत करू नये. आतील दाबामुळे गंभीर इजा होऊ शकते. ते अखंड बदलावे. ज्या पोस्टमध्ये तेल-वायू वेगळे करण्याची सोय आहे, तेथेही आधी उत्पादकाच्या पद्धतीने दाब सोडावा.

पोस्ट परत बसविताना धातूच्या फ्रेममध्ये खालच्या नळीस ग्रीस, तर कार्बनच्या फ्रेममध्ये कार्बन पेस्ट लावावी. क्लॅम्प बहुधा 5 ते 6 न्यूटन-मीटर एवढाच आवळावा लागतो. तथापि फ्रेमवर छापलेला आकडा प्रमाण मानावा. सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नये वा टांगू नये; वायू तेलात जाण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.