काव्यवाचनाचे तीन मंच : निमंत्रित कवी, खुला मंच आणि काव्यस्पर्धा (वाणगाव-पालघर परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक :

कविता ही मुळात ऐकण्याची कला आहे. छापील पुस्तक हे तिचे तुलनेने अलीकडचे वसतिस्थान होय. मराठीत ओवी, अभंग, भारूड, लावणी, पोवाडा या सर्व रचनाप्रकारांचे अस्तित्व प्रथम कंठात आणि नंतर कागदावर राहिले. गेल्या काही दशकांत महानगरांमधून 'ओपन माइक' आणि 'पोएट्री स्लॅम' या नावांनी काव्यवाचनाचे नवे प्रकार रूढ झाले. त्यांचे लोण आता महाविद्यालये, वाचनालये व लहान शहरे यांच्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. या प्रकारांकडे केवळ नवी टूम म्हणून पाहणे किंवा त्यांचे सरसकट स्वागत करणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात. कोणताही मंच तटस्थ नसतो. कोणी बोलावे, किती वेळ बोलावे आणि त्याचे मोल कोणी ठरवावे, याचे नियम प्रत्येक मंच आपल्यापुरते घालून देतो व त्या नियमांचा परिणाम कवितेच्या घडणीवर होतो. प्रस्तुत लेखात निमंत्रितांचे कविसंमेलन, खुला मंच आणि काव्यस्पर्धा या तीन प्रकारांची कार्यपद्धती स्पष्ट करून वाणगाव, बोईसर-तारापूर व पालघर या पट्ट्याच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

१. मराठी काव्यवाचनाची पूर्वपीठिका :

आधुनिक मराठी कवितेच्या जाहीर वाचनाचा विचार करताना रविकिरण मंडळाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या मंडळातील माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश आदी कवींनी काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली. कविता गाऊन सादर केल्यामुळे ती सुशिक्षित मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचली. तथापि चालीच्या गोडव्याखाली आशय झाकला जातो, असा आक्षेपही या प्रथेवर घेतला गेला. आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेल्या 'झेंडूची फुले' (१९२५) या विडंबनसंग्रहाला ही पार्श्वभूमी होती.

स्वातंत्र्योत्तर काळात विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या त्रयीने महाराष्ट्रभर फिरून काव्यवाचनाचे कार्यक्रम केले. गायनाऐवजी वाचनावर, म्हणजे अर्थानुसारी आघात, विराम व स्वरातील चढउतार यांवर त्यांचा भर होता. सुरेश भट यांच्यामुळे मराठी गझलेच्या मैफलीला स्वतंत्र श्रोतृवर्ग लाभला. रामदास फुटाणे, अशोक नायगावकर आदींनी हास्य-व्यंग्य कवितेला रंगमंच मिळवून दिला. २००३ मध्ये सुरू झालेल्या संदीप खरे व सलील कुलकर्णी यांच्या 'आयुष्यावर बोलू काही' या कार्यक्रमाने कविता आणि गाणे यांची सांगड घालून तिकीट काढून येणारा तरुण श्रोता घडविला. तात्पर्य, नवे मंच रिकाम्या भूमीवर उभे राहिलेले नाहीत.

२. परिसरातील मौखिक कविता :

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. वाणगाव हे डहाणू तालुक्यातील, पश्चिम रेल्वेवर बोईसर व डहाणू रोड यांच्यामध्ये असलेले स्थानकाचे गाव. एका बाजूस किनाऱ्यालगतची वाडवळ, मांगेला, भंडारी आदी समाजांची वस्ती, दुसऱ्या बाजूस वारली व अन्य आदिवासी समाजांचे पाडे आणि दक्षिणेस तारापूरची औद्योगिक वसाहत, असा हा पट्टा आहे. १९६९ मध्ये तारापूर अणुविद्युत केंद्र सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या विविध प्रांतांतून कामगार येथे आले. परिणामी वारली, वाडवळी, मांगेली या बोलींबरोबर प्रमाण मराठी, हिंदी व गुजराती या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात.

या परिसराला सादर होणाऱ्या कवितेची परंपरा नवी नाही. वारली विवाहविधीत धवलेरी ही स्त्री लग्नाची गीते गाते. भिंतीवर सुवासिनींनी काढलेला देवचौक आणि धवलेरीचे गाणे या दोन्हींवाचून विवाह पूर्ण होत नाही. येथे कविता ही करमणूक नसून कृती आहे. तिला वेळेची मर्यादा नाही, परीक्षक नाही आणि एकट्या रचनाकाराचे नावही नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांच्यामुळे वारली चित्र भिंतीवरून कागदावर आले व जगभर गेले. त्या चित्राच्या सोबतीने जन्मलेल्या गीताला मात्र तशी प्रसिद्धी लाभली नाही.

दुसरा प्रवाह कीर्तन व शाहिरीचा आहे. ज्यांच्या नावाने पालघरचे महाविद्यालय ओळखले जाते ते सोनोपंत दांडेकर हे केळवे-माहीमचे सुपुत्र, ज्ञानेश्वरीचे अभ्यासक आणि कीर्तनकार होते. निरूपण आणि पद यांची वीण घालणारे कीर्तन हा एका अर्थी एकाच वक्त्याचा दीर्घ काव्यमंच होय. पालघर तालुक्यातील माकुणसारचे शाहीर आत्माराम पाटील यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आपल्या शाहिरीने जनजागृती केली. श्रोत्यांना हलवून सोडणारी रचना कशी असते, हे या भूमीला नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही.

३. निमंत्रितांचे कविसंमेलन :

निमंत्रितांच्या कविसंमेलनात आयोजक कवींची निवड आधी करतात. व्यासपीठावर अध्यक्ष, सूत्रसंचालक आणि कवी असतात. सामान्यतः नवोदितांपासून ज्येष्ठांकडे क्रम जातो व अध्यक्षांच्या कवितेने समारोप होतो. १९९१ मध्ये मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेसारख्या संस्थांनी शाखांच्या माध्यमातून अशा संमेलनांना महानगराबाहेर आधार दिला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात निमंत्रितांच्या कविसंमेलनाखेरीज 'कविकट्टा' हा मंच असतो व तेथे अनेक नव्या कवींना वाचनाची संधी मिळते.

या प्रकाराचे बळ निवडीत आहे. श्रोत्याला एक किमान दर्जा अपेक्षित ठेवता येतो आणि प्रमुख कवीला पंधरा-वीस मिनिटे मिळाल्यास त्याच्या काव्यविश्वाची ओळख होते. मर्यादाही निवडीतच आहे. निमंत्रणाची यादी ओळखीवर, प्रकाशित संग्रहावर आणि प्रमाण भाषेवर अवलंबून राहते. ज्याचा संग्रह नाही त्याला निमंत्रण नाही आणि ज्याला मंच नाही त्याचा संग्रह निघत नाही, असे हे चक्र आहे. भिल्ली व मराठीत लिहिणारे कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता नेमक्या याच विषयावर आहे. आदिवासींचे दुःख व्यासपीठावरून इतरांनी सांगावे आणि आदिवासींनी खाली बसून ते ऐकावे, या विसंगतीवर ती बोट ठेवते.

४. खुला मंच :

खुल्या मंचावर निवड नसते, नावनोंदणी असते. येणारा प्रत्येक जण यादीत नाव लिहितो, क्रमाने तीन ते पाच मिनिटे मिळतात आणि एक किंवा दोन कविता सादर होतात. यादीच्या मध्यावर किंवा अखेरीस एका प्रमुख कवीचे वाचन ठेवण्याची पद्धत आहे. तिचा हेतू दुहेरी आहे : प्रमुख कवीमुळे श्रोते येतात आणि नवख्याला अनुभवी वाचनाचा वस्तुपाठ मिळतो.

या मंचावर कवी आणि श्रोता हे दोन स्वतंत्र वर्ग राहत नाहीत. पाच मिनिटांपूर्वी टाळी देणारा आता ध्वनिक्षेपकासमोर उभा असतो. त्यामुळे सहानुभूती वाढते, पण चिकित्सा मंदावते. प्रत्येक कवितेला सारखीच टाळी मिळाल्यास कवीला आपल्या रचनेतील उणीव कळत नाही. शिवाय अनेक जण स्वतःचे वाचन आटोपताच निघून जातात व यादीतील शेवटच्या कवीसमोर रिकाम्या खुर्च्या उरतात. यासाठी प्रमुख कवीचे वाचन अखेरीस ठेवणे हा साधा व परिणामकारक उपाय ठरतो.

५. काव्यस्पर्धा अर्थात स्लॅम :

स्लॅम या प्रकाराचा उगम अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. बांधकाम व्यवसायात काम करणारे कवी मार्क स्मिथ यांनी १९८६ मध्ये तेथील 'ग्रीन मिल' या जॅझ क्लबमध्ये ही स्पर्धा नियमितपणे सुरू केली. विद्यापीठीय काव्यवाचन नीरस झाले असून सामान्य श्रोत्याला त्यात स्थान उरलेले नाही, अशी त्यांची धारणा होती. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

तिचे प्रचलित नियम पुढीलप्रमाणे आहेत. कविता स्वतःची असावी. वेळ ३ मिनिटे, त्यावर १० सेकंदांची सवलत. वाद्य, वेशभूषा वा अन्य साधनांचा वापर नाही. श्रोत्यांमधून ५ परीक्षक निवडले जातात आणि ते प्रत्येक कवितेला ० ते १० गुण दशांशासह देतात. सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची बेरीज होते. उदाहरणार्थ, ७.५, ८.२, ८.८, ९.१ आणि ९.६ असे गुण मिळाल्यास ७.५ व ९.६ वगळून ८.२ + ८.८ + ९.१ = २६.१ हे गुण ग्राह्य धरले जातात. सवलतीपुढील प्रत्येक १० सेकंदांच्या टप्प्यास अर्धा गुण वजा होतो. ३ मिनिटे २५ सेकंद घेतलेला कवी दुसऱ्या टप्प्यात गेल्याने त्याचा १ गुण जातो व त्याचे २५.१ उरतात.

टोकाचे गुण वगळल्याने एखाद्या परीक्षकाच्या मैत्रीला किंवा आकसाला आळा बसतो. तथापि स्पर्धा पुढे सरकते तसे परीक्षक अधिकाधिक गुण देऊ लागतात व पहिल्या कवीवर अन्याय होतो, हा दोष सर्वत्र आढळतो. त्यावर उपाय म्हणून स्पर्धेबाहेरील एका कवीचे वाचन आरंभी ठेवून परीक्षकांना अंदाज घेऊ दिला जातो.

६. बोली, श्रोता आणि गुण :

वाणगाव-बोईसर परिसरात खरा प्रश्न येथे उपस्थित होतो. स्लॅमचा परीक्षक हा श्रोत्यांतून आलेला असल्याने सभागृहाची भाषा हीच गुणांची भाषा बनते. बहुसंख्य श्रोते प्रमाण मराठी किंवा हिंदी जाणणारे असतील, तर वारली वा मांगेली बोलीतील कविता आशयाने कितीही समृद्ध असली तरी पहिल्याच ऐकण्यात तिचे अर्धे शब्द निसटतात. पाच परीक्षकांपैकी एकालाच ती बोली अवगत असेल आणि त्याने सर्वाधिक गुण दिले, तर नियमानुसार नेमके तेच गुण वगळले जातात. पक्षपात रोखण्यासाठी केलेला नियम अशा वेळी एकमेव जाणकाराचे मत बाद करतो. ही केवळ गणिती बाब नाही. दोन-तीन वेळा असे घडल्यास तो तरुण कवी पुढच्या वेळी प्रमाण भाषेत लिहून आणतो, आणि बोलीतील कविता मंचावर येण्यापूर्वीच संपते.

वेळेच्या नियमाचाही असाच परिणाम होतो. गझलेत शेराची पहिली ओळ दोनदा म्हणण्याचा, श्रोत्यांची दाद घेण्याचा आणि मग दुसरी ओळ उलगडण्याचा संकेत आहे. हा सर्व वेळ घड्याळात मोजला जातो. धवलेरीचे गीत तर पुनरावृत्तीवरच उभे असते. याउलट वेगाने बोलली जाणारी, आत्मकथनपर आणि शेवटी टाळीची ओळ राखून ठेवणारी रचना तीन मिनिटांत चपखल बसते. म्हणूनच स्पर्धेत यशस्वी होणाऱ्या कविता कालांतराने एकमेकींसारख्या भासू लागतात.

७. लहान गावातील मंचाची मांडणी :

वरील विवेचनावरून तिन्ही प्रकारांतील इष्ट ते घेऊन मंचाची आखणी करता येते. दोन तासांच्या म्हणजे १२० मिनिटांच्या कार्यक्रमात १८ कवींना प्रत्येकी ४ मिनिटे दिल्यास ७२ मिनिटे होतात. प्रमुख कवीस २५ मिनिटे आणि सूत्रसंचालन व संवाद यांस २३ मिनिटे उरतात. २०१३ पासून विरारपुढे डहाणू रोडपर्यंत लोकल गाड्या धावू लागल्या, तरी फेऱ्या मोजक्याच आहेत. त्यामुळे कार्यक्रम रात्री न ठेवता दुपारी ठेवणे पाड्यांवरून येणाऱ्या मुलींच्या व बाहेरगावच्या कवींच्या दृष्टीने श्रेयस्कर ठरते.

बोलीतील कवितेपूर्वी कवीने अवघड शब्दांचा अर्थ सांगावा व तो वेळ मोजू नये. कीर्तनातील निरूपणाची परंपरा असलेल्या प्रदेशात हे स्वाभाविकच वाटेल. स्पर्धा असल्यास पाचपैकी किमान दोन परीक्षक स्थानिक बोली जाणणारे असावेत. म्हणजे एकाचे गुण वगळले गेले तरी दुसऱ्याचे मत बेरजेत राहण्याचा संभव वाढतो. विधीतील गीते मात्र स्पर्धेत ओढू नयेत. ती समाजाची सामूहिक संपदा आहे. गाणाऱ्यांच्या संमतीखेरीज त्यांचे ध्वनिमुद्रणही होऊ नये. भ्रमणध्वनीच्या काळात ही दक्षता विशेष आवश्यक आहे.

समारोप :

निमंत्रितांचे कविसंमेलन दर्जाची, खुला मंच प्रवेशाची आणि स्लॅम श्रोत्याच्या अधिकाराची हमी देतो. तिघांपैकी एकही प्रकार बोलीच्या अस्तित्वाची हमी आपोआप देत नाही. ती आयोजकांनी नियमांतून निर्माण करावी लागते. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या ओव्या त्यांच्या कुटुंबीयांनी टिपून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये ग्रंथरूपाने मराठीला लाभल्या. कोणीतरी कान देऊन ऐकले, हेच त्यांच्या टिकण्याचे प्रथम कारण होय. वाणगावसारख्या गावातील मंचाचे यश विजेत्यांच्या संख्येवरून मोजता येणार नाही. घरात ज्या भाषेत गाणे म्हटले जाते त्याच भाषेत ध्वनिक्षेपकासमोर उभे राहण्याचे धैर्य किती जणांना झाले, हा त्याचा खरा निकष ठरावा.