छोट्या व्यवसायाची ईमेल यादी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ईमेल यादी म्हणजे एखाद्या व्यवसायाकडून पत्रे यायला ज्यांनी आपणहून होकार दिला आहे, अशा माणसांच्या पत्त्यांची नोंद. नाव, पत्ता, होकार कधी दिला आणि कशासाठी दिला, एवढे तीत असले की काम भागते. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी ही यादी म्हणजे शहरातल्या कंपन्यांचे खूळ, असे सर्रास मानले जाते. खरे तर तिची गरज इथल्या काही धंद्यांना शहरातल्या दुकानदारापेक्षा जास्त आहे.

२८ डिसेंबर २०२० रोजी शेतमाल वाहून नेणारी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. या भागातले डाळिंब किती लांब जाते, याचा तो जाहीर पुरावा होता. पण लांब गेलेले फळ कोणी खाल्ले, ते बागायतदाराला कळत नाही. आडतीवर माल विकला की हिशेबपट्टी हातात येते, गिऱ्हाइकाचे नाव येत नाही. ते नाव आडत्याकडे, पुढच्या व्यापाऱ्याकडे किंवा शहरातल्या फळवाल्याकडे राहते. पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पेट्या पोचवणारा बागायतदार, डाळिंबाची रोपे विकणारा रोपवाटिकाचालक आणि परदेशी आयातदाराशी व्यवहार करणारा निर्यातदार या तिघांना मात्र ते नाव स्वतःच्या वहीत हवे असते. निर्यातदाराचा तर दर, बिले, तपासणीचे दाखले असा बहुतेक पत्रव्यवहार ईमेलवरच चालतो.

‘व्हॉट्सअॅप असताना ईमेल कशाला?’ हा पहिला आणि सगळ्यांत पक्का गैरसमज. त्यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. आठवडी बाजारात जनावरांचे खाद्य विकणाऱ्याने गिऱ्हाइकांचे ईमेल गोळा करणे म्हणजे वेळ घालवणेच. त्याला फोन पुरतो. पण व्हॉट्सअॅपच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात, आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक ज्याने आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच तो संदेश जातो. खाते कंपनीने बंद केले तर सगळा संपर्क एका फटक्यात तुटतो. ईमेलचे पत्ते मात्र साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये उतरवून ठेवता येतात आणि सेवा बदलली तरी सोबत नेता येतात.

दुसरा गैरसमज महागात पडणारा आहे : यादी विकत मिळते, मग गोळा कशाला करायची? हजारो पत्ते स्वस्तात देणारे विक्रेते आहेत, हे खरे. त्या पत्त्यांतले कित्येक मेलेले असतात, आणि जे जिवंत आहेत त्यांच्यामागच्या माणसांनी सांगोल्यातल्या त्या व्यवसायाचे नाव कधी ऐकलेले नसते. अनोळखी पत्र आले की ते ‘स्पॅम’ म्हणून खूण करतात. अशा तक्रारी मोजल्या जातात. मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांचे तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली असावे, अशी गूगलची २०२४ पासूनची अट आहे. म्हणजे हजारात तीन तक्रारीसुद्धा जास्तच. ही मर्यादा ओलांडली की ज्यांनी खरोखर पेट्या मागवल्या आहेत, त्यांचीही पत्रे स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडू लागतात. विकतच्या यादीचा खरा तोटा हाच : ती स्वतः चालत नाही आणि चालणाऱ्या यादीचीही पत घालवते.

‘कार्ड दिले म्हणजे परवानगी दिली’ हाही असाच एक समज. कृषी प्रदर्शनातल्या टेबलावर काचेच्या बरणीत कार्डे जमतात आणि आठवडाभराने त्या सगळ्यांना जाहिराती सुरू होतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ यानुसार संमती मोकळेपणाने, ठरावीक कामासाठी, माहिती देऊन आणि स्पष्ट कृतीने घेतलेली हवी. रोपांचा दर विचारण्यासाठी दिलेला पत्ता दर कळवण्यापुरताच असतो. कोणती माहिती कशासाठी घेतली, हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय ग्राहकाला असली पाहिजे, म्हणजे ती मराठीतही देता येते. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांचा अवधी ठेवला गेला. धंदा छोटा आहे म्हणून संमतीशिवाय जाहिराती पाठवायला मोकळीक मिळते, असे मात्र नाही.

पत्ता नेमका कसा घ्यायचा, इथे बारकावे जास्त आहेत. दुकानाच्या गल्ल्यावरच्या वहीत ग्राहक घाईने लिहितो; त्यातले टिंब सुटते, अधोरेषा पुसट होते, १ आणि एल सारखेच दिसतात, ‘जीमेल’चे स्पेलिंग उलटसुलट होते. संध्याकाळी कोणीतरी ते संगणकावर उतरवताना आणखी दोन चुका भरतात. त्यापेक्षा क्यूआर कोड लावून ग्राहकालाच त्याच्या फोनवर पत्ता लिहू द्यावा आणि लगेच एक खातरजमेचे पत्र धाडावे. त्यातली कळ दाबली, तरच नाव यादीत. या पद्धतीत काही नावे गळतात, आणि दुकानदाराला तेच खटकते. पण गळलेल्या नावांत चुकीचे पत्ते आणि नाइलाजाने दिलेले पत्तेच बहुतेक असतात. होकाराची तारीखही आपोआप नोंदली जाते, ती पुढे वाद झाल्यास उपयोगी पडते.

स्वतःच्या जीमेलवरून सगळ्यांना एकदम पत्र पाठवले की झाले, असेही वाटते. वैयक्तिक जीमेल खात्याला दिवसाला सुमारे ५०० जणांची मर्यादा आहे. त्याहून मोठा धोका म्हणजे सगळे पत्ते ‘सीसी’त टाकणे : प्रत्येक ग्राहकाला बाकीच्या सर्वांचे पत्ते दिसतात, आणि एखादा प्रतिस्पर्धी त्यात असला तर यादी त्याला आयती मिळते. यादी शंभराच्या पुढे गेली की पत्रे पाठवण्याची खास सेवा आणि स्वतःच्या नावाचे डोमेन घेणे बरे. पत्र खरोखर त्याच डोमेनवरून आले आहे, हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी डोमेनच्या मांडणीत एकदा करून घ्याव्या लागतात. नावे अवघड आहेत. काम जाणकाराकडून एका बैठकीत होते.

‘नाव काढा’ हा दुवा लपवल्याने यादी टिकते, ही समजूत उलटी आहे. दुवा सापडला नाही की माणूस स्पॅमची कळ दाबतो, आणि ती हातासरशी असते. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे, असे कायदाही म्हणतो.

पत्र किती वेळा पाठवावे, याला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. डाळिंबाच्या बाबतीत ते बहार ठरवतो. मृग, हस्त आणि आंबे बहार यांतला जो धरला असेल, त्याप्रमाणे फळ तयार होण्याचा काळ वेगळा. आंबे बहार धरणाऱ्याने तोडणीच्या महिनाभर आधी एक पत्र, नोंदणी सुरू होताना दुसरे आणि माल निघाल्यावर तिसरे पाठवले तरी पुष्कळ. एरवी सणावाराच्या कोरड्या शुभेच्छा पाठवत राहण्याने काही साधत नाही. पत्र किती जणांनी उघडले, या आकड्यावरही फार विसंबू नये. अॅपलच्या मेल अॅपमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की ग्राहकाने पत्र वाचले नाही तरी ते उघडल्यासारखे नोंदले जाऊ शकते. उत्तरे किती आली आणि नोंदणी किती झाली, हाच खरा हिशेब.

शेवटचा समज मोठ्या आकड्याचा. दोन हजार पत्त्यांची जुनी यादी दोनशेच्या ताज्या यादीपेक्षा कमी विकू शकते. दोन वर्षे वापरात नसलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकते, तसे धोरण २०२३ मध्ये जाहीर झाले. माणसे नोकऱ्या बदलतात तसे कार्यालयीन पत्तेही बंद पडतात. म्हणून एखादा हंगाम वाया जाऊन यादी पडून राहिली असेल, तर थेट विक्रीचे पत्र धाडू नये. आधी कोणाकडून पत्र आले आहे आणि पत्ता कुठे घेतला होता, याची आठवण देऊन पुढे पत्रे हवीत का, एवढेच विचारावे. परत आलेले पत्ते लगेच काढावेत, आणि ज्यांनी काहीच कळवले नाही त्यांची नावे पुढच्या तोडणीआधी वगळावीत.