सर्जरीच्या रेसिडेंटचा बर्नआउट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सरकारी रुग्णालयात एमएस सर्जरीला लागलेला पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे जेआर-१, इमर्जन्सीच्या रात्री काय करतो? अडीच वाजता तो बहुधा ऑपरेशन करत नसतो. रक्तपेढीच्या खिडकीशी फॉर्म घेऊन उभा असतो, नाहीतर सकाळच्या राउंडसाठी रिपोर्ट गोळा करत, डिस्चार्ज कार्डं लिहीत बसलेला असतो. ऑपरेशन थिएटरमध्ये गेलाच तर चिरलेला भाग उघडा ठेवणारा रिट्रॅक्टर धरून तासन् तास उभा. सकाळी ओपीडी आहेच.

अशा माणसाबद्दल पहिला गैरसमज असा, की जो कोलमडतो त्याचं मनच कच्चं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती वेगळं सांगते. हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ साचत गेला आणि त्यावर नीट उपाय झाला नाही, की उद्भवणारी ही अवस्था आहे. तिच्या खुणा तीन: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. कालपर्यंत ज्या आजोबांची नावानिशी चौकशी व्हायची, ते आज नुसते ‘बेड बारा’ होतात, ती दुसरी खूण. बाहेरून पाहणाऱ्याला तो उद्धटपणा वाटतो.

दुसरा समज अधिक चीड आणणारा आहे: ‘सर्जरी मुलींना झेपत नाही.’ याचं उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत मिळतं. तिथल्या सर्जरी रेसिडेंटच्या 2018 च्या वार्षिक परीक्षेला जोडून प्रश्नावली दिली गेली आणि 262 प्रशिक्षण केंद्रांतल्या 7,409 जणांनी ती भरली. 38.5 टक्क्यांना दर आठवड्याला बर्नआउटची लक्षणं जाणवत होती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण 42.4 टक्के, पुरुषांमध्ये 35.9. एवढंच वाचून थांबलं तर समज पक्का होतो. पण संशोधकांनी पुढचा हिशेब केला: भेदभाव, शिवीगाळ, लैंगिक छळ असा जाच किती झाला, तो गणितात धरला. तेव्हा स्त्री-पुरुषांमधला फरक उरलाच नाही! 65 टक्के स्त्रियांनी स्त्री म्हणून भेदभाव सोसल्याचं नोंदवलं होतं. म्हणजे न झेपणारी गोष्ट सर्जरी नव्हती.

या भेदभावात सर्वांत मोठा वाटा होता रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांचा. शिवीगाळ आणि लैंगिक छळ यांत सर्वांत मोठा वाटा वरिष्ठ सर्जनचा होता. पाहणी तिकडची असली तरी आपल्याला हे अनोळखी नाही. तपासून, टाके घालून, औषधं लिहून दिल्यावर ‘सिस्टर, डॉक्टर कधी येणार?’ असं आपल्याकडच्या किती रेसिडेंट मुलींना ऐकावं लागतं, हे त्यांनाच विचारावं.

‘आमच्या वेळी आम्ही छत्तीस तास उभे राहायचो’ हे वरिष्ठ अभिमानाने सांगतात. त्यांचे कष्ट खरेच आहेत, पण त्यावरून जागरण निर्धोक ठरत नाही. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग 24 तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची सांगड रक्तात सुमारे 0.10 टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरलेली दिसली. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. शिवाय निवासी प्रशिक्षणाची ही पद्धत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात घडवणारे विल्यम हालस्टेड हे स्वतः आधी कोकेनच्या आणि नंतर मॉर्फिनच्या विळख्यात होते. त्या पद्धतीला आदर्श मानताना हेही लक्षात असावं.

आपल्याकडे नियमच नाहीत, असंही नाही. केंद्र सरकारच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत साधारणपणे आठवड्याला 48 तास आणि सलग 12 तासांची मर्यादा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमावलीने मात्र ‘वाजवी तास’ एवढंच म्हटलं, आकडा दिला नाही. 2024 मध्ये आयोगाच्याच कृती दलाने आठवड्याला कमाल 74 तासांची शिफारस केली. आकडा नसलेला नियम मोडला हे सिद्ध कोण आणि कसं करणार? निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेच्या संपाच्या बातम्या वाचताना ‘यांना फक्त विद्यावेतन वाढवून हवं’ असं म्हणण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

आणि योगशिबिर भरवून हे सुटेल, हाही गैरसमजच. रक्ताचे नमुने घ्यायला तंत्रज्ञ, कागदपत्रांना लिपिक, रात्रपाळीनंतर खरीखुरी सुट्टी आणि विभागप्रमुखाच्या हाताखाली नसलेली तक्रार समिती, हे उपाय खर्चाचे आहेत, म्हणून मागे पडतात.

बर्नआउट आणि नैराश्य यांतला फरक मात्र प्रत्येक रेसिडेंटने आणि त्याच्या घरच्यांनी ओळखायला हवा. नैराश्य हा उपचार लागणारा आजार आहे. रजेवर घरी येऊनही झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याला ‘कामाचा थकवा’ म्हणून सोडून देऊ नये, मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.