इसबगोलाचा भाव

पोट साफ होण्यासाठी घरोघरी घेतल्या जाणाऱ्या इसबगोलाची मोठी बाजारपेठ उत्तर गुजरातेतल्या उंझा इथे आहे. बियाच्या वजनात भुसी जेमतेम पाव हिस्सा, पण खरा पैसा तिच्यातच!

पीक भारी नाजूक. फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन काढणीत, एखादी अवकाळी सर आली की पक्व बी गळून पडतं. भिजलेलं काळवंडतं आणि लिलावात भाव घसरतो.

या भुसीतले विरघळणारे तंतुमय पदार्थ कोलेस्टेरॉल कमी करतात, असं चाचण्यांत दिसलं. १९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तसा हृदयारोग्याचा दावा वेष्टनावर छापायला परवानगी दिली. अमेरिका आज भारतीय इसबगोलाचं मोठं गिऱ्हाईक आहे.

केंद्राच्या हमीभावाच्या यादीत मात्र इसबगोल नाही. निदान अवकाळीच्या नुकसानीची भरपाई तरी या शेतकऱ्याला वेळेवर मिळायलाच हवी.