लोकसंगीताच्या अल्बमचे परीक्षण

प्रादेशिक संगीताच्या अल्बमला अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्कारांत २०१२पासून स्वतंत्र विभाग आहे. प्रवेशिका विभागात बसते का, हे छाननीत ठरते. विजेता पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या सभासदांच्या मतांनी. सातारा-सांगलीच्या लोकसंगीताला मात्र कसोट्या इथल्याच लागतात.

• लावणी : ढोलकीची शाई गायिकेच्या सुराला लावलेली हवी, तुणतुण्याची तार षड्जाला धरून हवी.

• धनगरी ओवी : माण-खटाव, जत-आटपाडीकडच्या ओवीत कथा महत्त्वाची. ढोलाच्या गजरात शब्द बुडाले, तर दोष ध्वनिमुद्रणाचा.

• श्रेय : रेठरे हरणाक्ष (ता. वाळवा) येथे १८६६ साली जन्मलेल्या पठ्ठे बापूरावांसारख्या ज्ञात शाहिराची रचना ‘पारंपरिक’ म्हणून छापल्यास गुण कापावेत.

• निःपक्षपात : स्वतःचा सहभाग असलेल्या अल्बमला परीक्षकाने गुण देऊ नयेत.