दावा कुठे चालायचा?

जमिनीचा वाद कोर्टात गेला की जमीन कोणाची हे नंतर पाहिले जाते. हा वाद ऐकण्याचा अधिकार कोणाला, ते आधी ठरते. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 9 त्याबाबत सढळ आहे. कायद्याने उघड किंवा गर्भित मनाई केली नसेल, तर दिवाणी स्वरूपाचा कोणताही दावा दिवाणी न्यायालय चालवते. सगळी मेख त्या मनाईत आहे.

महाराष्ट्रात ही मनाई कुळांच्या बाबतीत सर्वांत जास्त जाणवते. समजा, मालकाने ताब्यासाठी दावा लावला आणि प्रतिवादीने कैफियतीत एवढेच लिहिले, की आपण या जमिनीचे कूळ आहोत. 1948 च्या कूळकायद्याचे कलम 85 न्यायाधीशांना या मुद्द्याचा निर्णय करू देत नाही. मग कलम 85-अ प्रमाणे दावा स्थगित होतो आणि तेवढा मुद्दा तहसीलदाराकडे जातो. तिथला निकाल, त्यावरचे अपील, पुढे महसूल न्यायाधिकरण असा प्रवास होईपर्यंत मूळ दावा पडून राहतो. वर्षे कुठे जातात, याचे हे एक उत्तर.

उलट बाजूही आहे. सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद महसूल अधिकारी घेतात, पण त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच मिटतो. गावात मात्र सातबारा म्हणजेच मालकी, ही समजूत काही हटत नाही.

मनाई असली तरी दार पूर्ण बंद होत नाही. अधिकाऱ्याने मनाई करणाऱ्या त्या कायद्यातल्याच तरतुदी धाब्यावर बसवल्या असतील, तर दिवाणी न्यायालय लक्ष घालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये धुलाभाई खटल्यात सांगितले.

पक्षकारांनी संमती दिली म्हणून नसलेला अधिकार निर्माण होत नाही. हर्षद चिमणलाल मोदी यांचा भूखंड गुडगावचा, दावा दिल्लीत. प्रतिवादी बांधकाम कंपनी डीएलएफने सुरुवातीला दिल्लीचे अधिकारक्षेत्र मान्यही केले होते. तरी स्थावर मिळकतीचा दावा मिळकत असेल तिथेच, या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 16 च्या नियमापुढे ती मान्यता टिकली नाही; 1988 चा दावा परत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये कायम केला.

दावा असा परत आला, तरी वादीने सद्भावनेने चुकीच्या कोर्टात घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 प्रमाणे मुदतीतून वगळला जातो.